खांदेमळणी

— न्हाई गं बाई, त्या खुर्चीवर नको बसूस, तिचा पाय मोडलाय. हिकडं ये, ह्या बाकड्यावर बस माझ्याजवळ. आत कोण हाय, आई का सासू? — सासू. अन् खांदाच का? हाव, हितं सगळे खांदेवालेच येतात, न्हाईतर गुडघेवाले. आता मशीन लावून ठेवली असंल त्येंना. शिवांगी मॅडम, हितल्या व्यायामवाल्या डॉक्टर, लवकर सोडत न्हाईत, तू बस निवांत. वास येतो का तुला? माझ्या तर रोज येऊन येऊन नाकातच बसलाय — ते मलम, ते तेल, म्हाताऱ्या अंगाचा घाम, सगळं एकाजागी. पण खरं सांगू का, मला ह्या वासाची किळस न्हाई. घरच्या वासाची हाय. आमचे मालक खाली टपरीवर गेलेत. तंबाखू मळतील, जिन्यात पचकन थुंकतील, फोनवर मोठ्यानं बोलतील, मग वर येतील. तवर बोलू आपण. ते आले की मी गप बसणार, तूबी गप बसायचं, एवढं ध्यानात ठेव.

तुझ्या सासूचं कवापासून दुखायलंय? — आँ, वर्ष झालं? मग वर्षभर काय केलं तुम्ही? — लाजू नको, सगळ्यांच्या घरी तेच असतंय. माझं ऐक. पहिल्यांदा खांदा नुसता कुरकुरतो. त्या कुशीवर झोपलं की ठणका लागतो, बाकी काही न्हाई. म्या घरात सांगितलं, खांदा दुखायलाय. मालक म्हणले, काम टाळायचं निमित्त. मग लुगड्याचा काष्टा खोसायला हात मागं जाईना. म्या पुन्हा सांगितलं. मालक म्हणले, म्हातारपण. मग फळीवरचा डबा निघंना, डोक्यावरचा पदर सारखा करायला हात पुरंना. तवा कुठं मोठ्या भावजींनी — म्हणजे मालकांचे थोरले भाऊ, आमच्या घरात त्येंच्या शब्दाबाहेर पान हलत न्हाई — त्येंनी हुकूम सोडला, बिबवा घाला. तुझ्या वयाच्या पोरीला काय ठावं बिबवा! दिव्यावर तापवायचा अन् त्येचं काळं तेल कातडीवर चरचर ओढायचं. एवढाले फोड उठले माझ्या खांद्यावर. फुटले, पू वाहिला, झंपर चिकटून बसायचं — सांगतानाबी शिसारी येती. अन् वरून काय, तर हात हलवायचा न्हाई, म्हणून गळ्यात फडकं बांधून दिलं. तिथंच घात झाला बघ. मॅडम सांगतात, वय झालं की खांदा फिरवत राहिलं तरच फिरतो. बांधून ठेवला की आतल्या आत आवळत जातो, गंजल्या कुलपागत. शुगर असली की जास्तच. मला हाय शुगर. कुणी तपासली होती? कुणीच न्हाई. हितं आल्यावर मॅडमनी तपासायला लावली, तवा कळलं. एवढी वर्षं त्येंच्या ताटात भाकरी वाढली, पण माझ्या अंगात काय चाललंय ते इचारायला कुणाला सवड न्हाई. जाऊ दे.

आता तू म्हणशील, एवढा बेफिकीर माणूस रोज मुरुडपलीकडच्या आमच्या खेड्यातनं गाडी करून बायकोला लातूरला कसा काय आणतो? इचार की. मलाबी पहिल्या दिवशी तेच वाटलं, सूर्य कुणीकडून उगवला. आणतात, इतकंच न्हाई — सांजच्याला स्वतः तेल कोमट करतात अन् माझ्या खांद्याला चोळतात. आमचे मालक! ज्येंनी जिंदगीत कधी मला पाण्याचा तांब्या दिला न्हाई, ते म्हणतात, बस हितं, चोळून देतो. पोळ्याच्या आदल्या दिवसाची खांदेमळणी बघितलीस का तू? बैलाच्या खांद्याला हळद-तूप चोळायचं, पाठीवरून हात फिरवायचा, अन् म्हणायचं, आज आवतन घ्या, उद्या जेवायला या. बैल बिचारं डोळे मिटून उभं राहतंय. त्येला वाटतंय, आली ह्येंना माया. चार दिवसांनी तेच जू अन् त्योच खांदा. बैलाला बरं, त्येला कळत न्हाई. मला कळतंय की. तो तेलाचा हात खांद्यावर पडला की माझ्या अंगावर काटा येतो. उठून धुऊन टाकावं वाटतं. पण बसते. चोळू देते. जू कुठलं हाय ते मला ठावं हाय ना.

मी मेंबर हाय. — हाव, ग्रामपंचायतीची. हसू नको. आमच्या वॉर्डात बायकांची जागा सुटली, मोठे भावजी म्हणले, आपल्या साखराबाईचं नाव टाका, झालं. गुलाल उधळला, हार घातला — हार मला न्हाई, मालकांना. मीटिंगला मालकच जायचे. माझी सही घरी यायची. भाकरी थापता थापता हात पुसायचा अन् सही करायची, कशावर केली ते देवालाबी ठावं न्हाई. सरपंच बी बाईच करायची होती, तर ह्या लोकांनी पुनमला केलं. तरणी पोर, शिकलेली, नवरा पुण्याला कंपनीत. ह्येंना वाटलं, बरं झालं, हिच्या मागं बोलायला बाप्या न्हाई, आपण सांगू तशी वागंल. अन् त्या पोरीनं पहिल्याच मीटिंगला काय करावं? निरोप धाडला — मेंबर कोण हाय, बाया ना? मग बाया आत बसतील, मालक लोकांनी बाहेर बसावं. अन् त्येंच्या खुर्च्या उचलून खरंच पारावर नेऊन ठेवल्या. आई गं, काय ती तोंडं झाली होती एकेकाची! एरंडेल पाजल्यागत.

मी पहिल्यांदा त्या खुर्चीवर बसले. मोठे भावजी स्वतः मेंबर, ते समोर. म्हणून मी पदर ओढून, मान खाली घालून बसलेले. पुनम म्हणली, मावशी, तुमचं काय म्हणणं हाय? मला आधी वाटलं, दुसऱ्या कुणाला इचारायली. भावजींच्या म्होरं आम्ही बोलत न्हाई, म्हणून म्या शेजारी बसलेल्या सिंधु मेंबरच्या कानात सांगितलं, अन् तिनं मोठ्यानं सांगितलं — बायांच्या संडासाला दार न्हाई. चार-पाच वर्षं झाली, संडास बांधला, फोटो काढला, दारच लावलं न्हाई. आम्ही बाया एकमेकींच्या म्होरं लुगडं धरून उभ्या राहायचो, अन् ही गावातली कर्ती माणसं पलीकडच्या ओट्यावर पत्ते खेळत बसायची. बसायची की. मुद्दाम. तू शी म्हणलीस ना? म्हण, तुझ्या तोंडून बरं वाटतंय. पुनमनं आठ दिवसांत दार बसवलं, आतून कडीचं. अन् मीटिंगीतून उठता उठता मला म्हणली, मावशी, सही करताना एक हात दुसऱ्या हातानं धरता तुम्ही, दवाखान्यात दाखवा. घरात चार माणसं जेवतात माझ्या हातचं. दिसलं कुणाला, तर त्या परक्या पोरीला.

मग काय, ह्येंच्या डोळ्यात ती सलायला लागली. अविश्वास ठराव आणायचा ठरलं. बाई सरपंच असली की जास्तीचे हात लागतात म्हणं, आमच्या नवातले सात. मोठ्या भावजींनी सात मोजून ठेवले. सातवा माझा. मला इचारलं का? — हाताला कोण इचारतं! आदल्या दिवशी मालक एवढंच म्हणले, तहसीलदार हात वर करा म्हणला की करायचा. म्या म्हणलं, हात वर जात न्हाई. ते म्हणले, जाईल, येळ आली की जातो.

त्या दिवशी सगळं गाव पंचायतीच्या म्होरं. दाराला पोलीस. मला खिडकीपाशी बसवलं, म्हणजे बाहेरून मालकांना खुणावता यावं. मोठे भावजी समोर. आता आमच्या घरची रीत सांगते — भावजी असले की बाईचा पदर डोक्यावर, अन् तोंडातून शब्द न्हाई. ही रीत मोडली की काय होतंय ते म्या भोगलंय. त्येंच्या पोरीच्या लग्नात मी दोन्ही हातांनी परात घेऊन चालले होते, वाऱ्यानं पदर घसरला. भरल्या पंगतीत त्येंनी ताट भिरकावलं. म्हणले, भरल्या मांडवात बोडकी फिरती. मालकांनी मला सगळ्यांम्होरं त्येंच्या पायावर डोकं ठेवायला लावलं. पायाच्या बोटात ती काळी घाण, अन् माझं कपाळ त्याच्यावर. आजबी आठवलं की कपाळ धुवावं वाटतंय.

तर तहसीलदार साहेब म्हणले, ठरावाच्या बाजूनं असतील त्यांनी हात वर करा. टपाटप हात वर गेले. म्या बी उजवा उचलला की — न्हाई म्हणू नको — हितपर्यंत, पोटापर्यंत. तिथं तो अडकला. डाव्यानं पदर धरलेला. साहेब बघायले. म्हणले, आजी, तुमचा हात वर समजायचा का खाली? आता मी कशी बोलू? समोर भावजी. सिंधुनं, तिलाबी तिच्या मालकांनी पढवून धाडलेलं, मागनं माझं कोपर धरून वर ढकललं — तशी म्या किंकाळी फोडली, खरीच फोडली, जीव गेला माझा. साहेब तिच्यावर खेकसले, दुसऱ्याच्या हाताला हात लावायचा न्हाई. तवर खिडकीतून मालक, डावा कर, डावा! पोलिसानं त्येंना गचांडी धरून मागं ओढलं. डावा? डावा केला तर पदर पडतो. म्या हळूच वर बघितलं, भावजींकडं. ते माझ्या डोक्याकडं बघायलेले. सगळं गाव खिडकीला. तोंड उघडलं त्येंनी, अन् मिटलं. काय म्हणतील? ज्यानं पदरापायी ताट भिरकावलं, त्यो माणूस चारचौघांत म्हणणार का, पडू दे पदर? तेवढं त्येच्या तोंडातून निघालं न्हाई. साहेबांनी हात मोजले, सहा. ठराव पडला. पुनम तिथंच टेबलावर डोकं ठेवून रडली.

घरी आल्यावर? काय नको ते बोलले. लुळी म्हणले, अवदसा म्हणले. अन् मधी बरेच महिने गेले — ठराव पडला की लगेच दुसरा आणता येत न्हाई म्हणं. तेवढ्या महिन्यांत कुणी म्हणलं का, चल, तुझा खांदा दाखवू? एक दिवस न्हाई. आता मुदत सरत आली, नवा ठराव घालायचं ठरलं, तशी माया उतू चालली. बुधवारी मीटिंग हाय. ह्या येत्या बुधवारी. म्हणून गाडी, म्हणून मॅडम, म्हणून तेल. ही असली माणसं. बाईला हात हाय हे ह्येंना मतापुरतं कळतंय. थू.

— पिन? कसली पिन? — हां, पदराला. लावते की. अंबाड्यात पदर अडकवून पिन लावायची, मग दोन्ही हात मोकळे. रोजच लावते, त्याशिवाय ह्या हातानं काम कसं करणार? सून लावून देती सकाळी. त्या दिवशीबी आली होती की पिन घेऊन, म्या म्हणलं, राहू दे आज — . . . राहिली. गडबडीत राहिली. तू लई इचारतीस गं. शिक्षिका हायस का कुठल्या क्लासात? घाई होती, मेंबर गोळा करणारी जीप येऊन उभी होती दारात. होतंय कधी कधी.

ते सोड. तुझ्या सासूचं बघ तू. मशीननं नुसता आराम पडतो, खांदा खुलतो तो आपल्या मेहनतीनं. मॅडमनी मला शिकवलंय तसं तिच्याकडनं घरी करून घे. पहिलं, टेबलावर चांगला हात टेकून वाकायचं, अन् दुखरा हात खाली सैल सोडून झुलवायचा, घंटेच्या लोलकागत. जोर लावायचा न्हाई. मग टॉवेल पाठीमागं धरायचा, वरच्या हातानं हळू ओढायचा, अंघोळीला पाठ घासतो तसा. अन् सगळ्यात चांगलं हे भिंतीचं. उठ, दाखवते तुला. भिंतीम्होरं असं उभं राहायचं. बोटं टेकवायची. मग मुंगी चढल्यागत बोटांनी वर चालायचं — घाई न्हाई, झटका न्हाई. दुखलं की तिथंच थांबायचं, श्वास सोडायचा, पुन्हा थोडं वर. खांदा कानाकडं उचलू द्यायचा न्हाई, तिथंच सगळे चुकतात. अशी — कमरेपासून छातीपर्यंत — हनवटीपर्यंत — ह्या कॅलेंडरपर्यंत — ह्या खिळ्याच्या वर — अन् वरती नेऊन हात असा सरळ — काय गं? अशी काय बघायलीस माझ्याकडं?

. . . दार लोट ते. लोट आधी. जिन्यात कुणी हाय का बघ. — न्हाई ना? बस खाली.

हाव, जातो वर. सक्रांतीपासून जातो. आता तुला दिसलाच हाय तर ऐक. घरी मी हात असा पोटाशी धरून फिरते, अन् मॅडम सांगतात, नुसता धरून ठेवलात तर पुन्हा आवळंल. मग करायचं कुठं? सुनेचे डोळे, मालकांचे डोळे. म्हणून त्या संडासात जाते, पुनमनं दार बसवलेल्या. कडी लावते अन् तिथल्या भिंतीवर बोटं चालवते. घाण वास, माशा, नाकाला पदर बांधते. पण तेवढीच एक भिंत हाय गावात, जिथं मला कुणी बघत न्हाई. ओकारी येती कधी कधी. तरी हात रोज थोडा वर जातो, अन् जीवाला इतकं बरं वाटतंय ना, रडू येतं मला तिथं. माझा हात हाय गं तो. माझ्यासाठी बरा करायलेय. ह्येंच्या ठरावासाठी न्हाई.

तू म्हणशील, मग सरळ सांगायचं, मी हात वर करणार न्हाई. तोंडानं न्हाई म्हणायचं बळ माझ्यात न्हाई पोरी. असतं तर एवढी वर्षं कशाला गेली असती. अन् आज मालक म्हणलेत, मी स्वतः आत येतो, डोळ्यानं बघतो किती सुधारला. मॅडम कुणाला काही सांगत न्हाईत, त्या चांगल्या हायत. पण ह्येंनी स्वतः धरून वर केला अन् तो गेला — तर बुधवारी मला घेऊन जाणार, पिन लावून, अन् त्या पोरीला माझ्या हातानं खाली ओढणार. माझ्या ह्या हातानं. बरा झालेल्या. तू कुणाला बोलशील तर तुला तुझ्या सासूची —

आले. थुंकले बघ जिन्यात, ऐकलंस? सरक तिकडं. तू मला वळखत न्हाईस.

— या. न्हाई, नंबर यायचाय अजून. आत दुसऱ्या बाई हायत, ह्येंच्या सासूबाई. — सुधारणा? सांगितलं की सकाळीच, तसूभर बी न्हाई. मॅडम म्हणतात, वयानं धरलाय, येळ लागंल. — आता हितं कशाला बघता, चारचौघांत? — बघा. बघा, धरा, काय करायचं ते करा — आई गं! मेले! सोडा, सोडा आधी, मोडला माझा खांदा! . . . बघितलंत? भागलं का मन? — खोटं कशाला करीन मी? — ह्येंना काय इचारता, त्या बिचाऱ्या परक्या. आमची काय वळख! — बरं, इचारा. मघापासून बसल्यात हितंच माझ्याजवळ. सांग गं बाई, इचारायलेत ते. जातो का माझा हात वर?

. . . ऐकलंत? परक्या माणसानं सांगितलं, आता तरी पटंल का न्हाई? मला पुकारायलेत, चला. अन् ती पिशवी तुम्ही घ्या. माझा हात कुठं चालतो.